साठच्या साठ

मी काचखोलीच्या दारात पाऊल टाकलं की काका स्टूल फिरवून माझ्याकडे पाठ करायचे. स्टूल लोखंडी, फिरताना किंचाळायचं. त्यामुळे अख्ख्या गाळ्याला कळायचं की मॅडम काचखोलीत गेल्या आणि काकांनी पाठ केली. मग त्या पाठीतून आवाज यायचा, "बघू नका. बघून येत नाय."

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा नग असेलच. सगळे ज्याला काका म्हणतात, मालक ज्याला अहो-जाहो करतात, आणि आपल्यावाचून इथे सगळ्यांचं अडतं हे ज्याला पुरतं ठाऊक असतं. असा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जातो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही बरं बोलले तर ते नाइलाजाने बोलले असं समजा.

आमची कंपनी वसई पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या दोन गाळ्यांत. वैज्ञानिक उपकरणं बनवते. पाण्याचा आम्लपणा मोजणारे पीएच मीटर, खारेपणा मोजणारे मीटर, छोट्या भट्ट्या, असलं सगळं. तुम्ही सायन्सला असाल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमचा एखादा करड्या रंगाचा डबा तुम्ही पाहिलाही असेल, बटण तुटलेला. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. घर नालासोपाऱ्यात, मूळ गाव मालवणाकडे, त्यामुळे तिरकस बोलणं घरातूनच आलेलं. कंपनीच्या पाटीवर 'संशोधन विभाग' असं लिहिलेलं होतं. तो विभाग म्हणजे एक टेबल आणि मी.

पीएच मीटरचा डबा कोणीही बनवील. त्याचा जीव असतो पाण्यात बुडवायच्या कांडीत, म्हणजे इलेक्ट्रोडमध्ये, आणि कांडीचा जीव तिच्या टोकाच्या काचेच्या बल्बमध्ये. हा बल्ब बोराएवढा आणि इतका पातळ की नखाने टिचकी मारली तर गेला. ही काचही वेगळी असते, साधी चालत नाही. काका तो बल्ब काचखोलीत बसून तोंडाने फुंकून करायचे. काचेची नळी ज्योतीत धरायची, तिला जोडलेली रबरी नळी ओठांत, आणि एक फुंकर. जाड झाला तर मीटर मंद, पातळ झाला तर फुटला. गाळ्यात हे त्यांच्याशिवाय कोणालाच येत नव्हतं.

"काका, काचेची जाडी किती ठेवता?" मी विचारलं होतं.

"पुरंल एवढी."

"म्हणजे किती?"

"कमी नाय, जास्त नाय."

ही उत्तरं माझ्या वहीत जशीच्या तशी लिहिलेली आहेत. मालकांनीच सांगितलं होतं, काकांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलीत, सगळं नीट लिहून काढ. मी लिहून काढलं. पान दीड भरलं, आणि त्यातलं एकही वाक्य कोणाच्या बापाला उपयोगी पडणारं नव्हतं.

मग मी मोबाइल स्टँडवर लावून त्यांचं काम चित्रित करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर स्टँडवर त्यांचा ओला पंचा वाळत घातलेला. "धूर लागंल त्याला, म्हनून झाकला," म्हणाले. चेहरा असा की जणू माझ्या मोबाइलची माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त काळजी. एकदा उकाड्याने जीव नकोसा झाला म्हणून मी काचखोलीतला पंखा लावला. ज्योत हलली, हातातली नळी वाकडी झाली. त्यांनी गॅस बंद केला, डबा उचलला आणि घरी निघून गेले ते तीन दिवस आलेच नाहीत. मालकांनी मला बोलावून विचारलं, "तू पंखा लावलास?" एवढं शिकून पंखा लावल्याबद्दल बोलणी खाल्लेली माझ्यासारखी इंजिनिअर दुसरी नसेल.

ते वसईजवळच्या होळी गावचे. तिकडे त्यांची वाडी होती, केळी, अळू, थोडा मोगरा. स्कूटरवर यायचे आणि दर सोमवारी मागे त्यांच्या विहिरीच्या पाण्याचा कॅन बांधलेला असायचा. ते पाणी मचूळ, तोंडात धरवत नाही असं. काचखोलीत एक निळा टब होता, त्यात ते ओतायचे आणि तयार इलेक्ट्रोड त्यात बुडवून ठेवायचे. काचेचा बल्ब कोरडा पडू द्यायचा नसतो एवढं मलाही माहीत होतं. पण त्यासाठी होळीहून पाणी आणायचं?

"हेच पाणी का, काका?"

"उस्ताद असलंच ठेवायचे." उस्ताद म्हणजे मुंबईच्या कारखान्यात ज्यांच्या हाताखाली ते काचकाम शिकले ते.

"उस्ताद का ठेवायचे?"

"उस्ताद गेले," असं म्हणून त्यांनी स्टूल फिरवलं.

आता माझ्या यंत्राचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यापायी झालं. खाडीकाठी कोळंबीची तळी आहेत. पाण्याचा पीएच बिघडला की कोळंबी एका रात्रीत मरते, आणि तळ्याच्या मालकाला कळतं सकाळी. मी एक तरंगता मीटर तयार केला. तो तळ्यात सोडायचा, दर तासाला तो आकडा मोबाइलवर पाठवणार. सर्किट माझं, पेटी माझी, त्यातला प्रोग्राम माझा. दीड वर्ष मी त्याच्यावर घातलं. दुसऱ्याच्या डब्यांची बटणं बदलण्यात माझी पहिली चार वर्षं गेली होती, आणि हे पहिलंच यंत्र असं होतं जे जगात माझ्यामुळे आलं असतं. मालक म्हणाले, साठ नग तळ्यांवर लावू. चालले तर विभाग तुझा, माणसं देतो. नाही चालले तर हे बंद, तू सर्व्हिसला जा आणि तक्रारींचे फोन घे.

काकांनी साठ बल्ब फुंकले. महिनाभर लागला. साठ इलेक्ट्रोड तयार होऊन त्या निळ्या टबात पडले. टबाला शेवाळ धरलं होतं, वास येत होता. एका सकाळी मी ते पाणी मोरीत ओतून दिलं, पांढरे स्वच्छ ट्रे आणले, त्यांत डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि प्रत्येक ट्रेवर छापील पट्टी चिकटवली. काका दारात येऊन उभे राहिले.

"ते पानी उस्तादांपासून हाय," ते म्हणाले.

"काका, शेवाळ आलंय त्याला. आपण वैज्ञानिक उपकरणं बनवतो, लोणचं घालत नाही." हे मी मुद्दाम मोठ्याने बोलले. पॅकिंगच्या बायका हसल्या. ते हसणं मला त्या दिवशी फार गोड लागलं.

काकांनी बायकांकडे पाहिलं, मग ट्रेकडे. "करा," म्हणाले. "तुमचं चालू द्या."

पंधरा दिवसांनी मी ते इलेक्ट्रोड यंत्रांना जोडले. आकडा हलेचना. लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवलं की आकड्याने टुणकन उडी मारायला हवी, तर तो पाच-पाच मिनिटं रांगत होता आणि भलत्याच जागी बसत होता. एक नाही, सगळेच. मी सर्किट तपासलं. पुन्हा तपासलं. सुटे भाग बदलले, वायरी बदलल्या, प्रोग्राम नव्याने लिहिला. दोन आठवडे माझा जेवणाचा डबा तसाच घरी परत जायचा आणि आई रोज विचारायची, भाजी आवडली नाही का.

आणि या दोन आठवड्यांत काका रोज दुपारी हातात डबा घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. स्क्रीनकडे बघायचे. "अजून नाय?" विचारायचे. मी नाही म्हणायचे. "हं," म्हणून जायचे. रोज. एक दिवस चुकवला नाही. माझा असा संताप व्हायचा की काय सांगू. मला वाटायचं, म्हातारा मजा बघायला येतो. आज पोरगी कितपत बुडाली, गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत, ते बघून मग सुखाने जेवतो.

मालकांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली आणि तोवर सर्व्हिसचा फोन माझ्याकडे देऊन टाकला. म्हणजे निकाल लागल्यासारखाच होता. शुक्रवारी जव्हारकडच्या एका कॉलेजातून एका सरांचा फोन आला. फार नम्र आवाज.

"मॅडम, तुमच्या मीटरबरोबर जी पुस्तिका येते ना, तिच्यात चौथ्या पानावर ठळक लिहिलंय की इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये साठवू नये. मग कशात ठेवू? आमच्याकडे विहिरीचं पाणी आहे जरा खारट. चालेल का?"

मी फोन कानाला तसाच धरून खण उघडला. सर तिकडे "हॅलो, हॅलो" करत होते. ती पुस्तिका माझ्या खणात होती, माझ्याआधीच्या इंजिनिअरने लिहिलेली. मी ती कधी उघडली नव्हती. आपल्याच कंपनीची पुस्तिका कोण वाचतं? चौथं पान काढलं. शुद्ध पाणी काचेतले आणि कांडीतले क्षार ओढून घेतं, इलेक्ट्रोड मंद होतो. क्षारांच्या द्रावणात ठेवावा. द्रावण नसेल तर साधं पाणी चालेल, शुद्ध पाणी नको.

"चालेल सर," मी म्हटलं. "विहिरीचं चालेल."

त्याच संध्याकाळी मी दोन इलेक्ट्रोड क्षाराच्या द्रावणात बुडवून घरी गेले. शनिवारी सकाळी लिंबाच्या पाण्यात घातले. आकड्याने टुणकन उडी मारली. दोन्ही ठणठणीत. म्हणजे साठच्या साठ ठणठणीत होते, त्यांना मीच मंद करून ठेवलं होतं.

तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. मला आला राग. म्हाताऱ्याला हे ठाऊक होतं, हे माझ्या मनाने घेतलं. आयुष्यभर खारं पाणी आणणाऱ्याला ठाऊक नसेल तर कोणाला? त्याला कळलं होतं, आणि तो "करा" म्हणून गप्प राहिला, आणि रोज डबा घेऊन माझा तमाशा बघायला आला. रविवारभर मी हेच घोळवलं. त्यांना विचारावं असं एकदाही मनात आलं नाही, कारण विचारलं तर ते पाठ करतील हेही मीच ठरवून टाकलं होतं.

सोमवारी मालकांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा खरं सांगायचंच असं काही माझं ठरलं नव्हतं, आणि खोटं बोलायचं असंही नाही. मालकांनी विचारलं, "सर्किट?"

"सर्किट ठीक आहे, सर."

"मग? बल्ब का? काकांचं वय झालंय. हात थरथरत असेल."

मला फक्त नाही म्हणायचं होतं. चौथं पान दाखवायचं होतं. पण ते दाखवलं असतं तर बाहेर पॅकिंगच्या बायका होत्या, लोणच्यावर हसलेल्या. त्या आता माझ्यावर हसल्या असत्या. इंजिनिअर बाई, आणि स्वतःच्या कंपनीची पुस्तिका वाचलेली नाही. मालक यंत्र माझ्या हातातून काढून घेणार, हेही दिसत होतं.

"असू शकेल," मी म्हटलं. मग म्हटलं, "हो. बल्बच."

त्यांनी काकांना बोलावलं. "काका, मॅडम म्हणतात बल्बमध्ये खोट आहे."

"किती?"

"साठच्या साठ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता ते पाण्याचं काढणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, की तुम्हाला माहीत होतं तर तेव्हाच का बोलला नाहीत. पण त्यांनी पाण्याचं नावही काढलं नाही. "असंल," म्हणाले. "नवीन करून देतो."

त्यांनी नवीन साठ केले. प्रत्येक बल्ब उजेडाकडे धरून तीन-तीनदा पाहायचे, असं पूर्वी कधी करत नसत. मी ते साठ पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे द्रावणात ठेवले आणि ते चालले. का नाही चालणार? मालक खूश. तळ्यांवर यंत्रं लागली, विभाग माझा झाला, दोन माणसं मिळाली.

राहिले जुने साठ. आमच्याकडे पद्धत आहे, रद्द झालेला माल इंजिनिअरसमोर फोडायचा आणि वहीत सही करायची, म्हणजे तो चुकून बाहेर जात नाही. इंजिनिअर मी. एका दुपारी काकांनी गोणपाट पसरलं, त्यावर एकेक इलेक्ट्रोड ठेवून लहान हातोडीने बल्ब फोडायला सुरुवात केली. मी शेजारी वही घेऊन उभी, एकेक खूण करत. बारीक आवाज यायचा, बांगडी फुटल्यासारखा. दहा झाले, वीस झाले. एकाला त्यांनी उचलून उजेडात धरलं.

"ह्यो बरा दिसतो, नाय?" त्यांनी मला विचारलं.

"फोडा, काका," मी म्हटलं.

त्यांनी फोडला. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मी विसाव्याला बोलू शकले असते, चाळिसाव्याला बोलू शकले असते. साठावा फुटला, मी सही केली, त्यांनीही केली. तेव्हाही मला वाटत होतं की हे नाटक आहे, माझी परीक्षा बघतायत. पुढच्या महिन्यात त्यांनी मालकांना सांगितलं की आता जमत नाही, आणि मुदतीच्या आधीच घरी बसले. मला सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

आता आम्ही बल्ब तयारच मागवतो. गेल्या वर्षी कळलं की काका गेले. काचखोली रिकामी करताना त्यांचा अवजारांचा डबा निघाला, त्यात ज्योतीसाठीचा जांभळट चष्मा, चिमटे, रबरी नळ्या. मालक म्हणाले, कोणीतरी घरी नेऊन द्या. मी म्हटलं, मी जाते. का म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही. मला तो माणूस आवडत नव्हता, आणि गेल्यावर माणसं आवडायला लागतात त्यातली मी नाही.

होळीला त्यांचं घर वाडीच्या आत होतं. काकूंनी मला ओट्यावर बसवलं, डबा मांडीवर घेऊन उघडला, चष्मा पदराने पुसला. मी नाव सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "म्हंजे तुम्हीच त्या म्याडम. लय बोलायचे तुमच्याबद्दल."

मी म्हटलं, "काय बोलायचे?"

"शेवटाला त्यांचा हात गेला ना. डोळे दाखवले वसईला, दोन डॉक्टर केले. डॉक्टर म्हनाले, डोळे चांगले. मग हात दाखवले. तेबी चांगले. तरी रातचे उठून बसायचे. म्हनायचे, इतकी वरसं माझा एक परत आला नाय, आनि साठच्या साठ कसे गेले?" त्यांनी चष्मा परत डब्यात ठेवला. "म्याडमचं काम माझ्यापायी अडलं, म्हनायचे. तेव्हा रोज जेवायच्या आधी बघून यायचे म्हने, आज तरी चाललं का. नाय चाललं की डबा तसाच घरी."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो खाली ठेवला.

"काकू, ते बल्ब चांगले होते," मी म्हटलं. "एकही वाईट नव्हता. चूक माझी होती. मी ते चुकीच्या पाण्यात ठेवले, आणि कळल्यावरही सांगितलं नाही."

 काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही चांगल्या घरच्या, म्हनून असं बोलता," म्हणाल्या. "पन ते स्वतःच्या तोंडानं सांगून गेलेत ना मला."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, टब, ट्रे, चौथं पान, फोडलेले साठ. त्या मान हलवत सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "इतक्या लांबून आलात त्यांचं नाव राखायला." आणि मला जेवूनच जा म्हणून उठून आत पानं घ्यायला गेल्या.